पंचफुलाचं निरोगी रक्त

पंचफुलाला हसू आवरत नसे, एवढीच तिची खोड. मयतीच्या घरीसुद्धा ती पदर तोंडात कोंबून बसायची. त्यामुळे काचीगुड्यात ती लग्न होऊन आल्यापासून थोरली जाऊ विठाबाई तिला 'हौली' म्हणे. हैदराबादेत वेडीला हौलीच म्हणतात. पंचफुला ऐकून आणखी हसे, पण आत कुठेतरी ते तिला लागायचं.

ती दवाखान्यात आया होती. मनाच्या आजाराच्या खुणा रक्तात सापडतात का, हे तिथल्या पद्मावती डॉक्टरीणबाई तपासत होत्या आणि तुलनेला त्यांना निरोगी माणसंही हवी होती. पंचफुलानं सगळ्यांच्या आधी हात पुढे केला. निरोगी म्हणून नाव लागलं की जावेचं तोंड बंद. अट एकच, आदल्या दिवशी अंगमेहनत नको.

आता आदला दिवस नेमका चौदा एप्रिल निघाला, त्याला ती काय करणार? भीमजयंतीचा ढोल वाजतोय आणि पंचफुला कडेला उभी, हे कधी घडलंय? निळी साडी खोचून ती थेट चादरघाटापर्यंत नाचली. सकाळी पाय उचलेनात, तरी आराम केला असं ठोकून देऊन तिनं रक्त दिलं.

काही मनोरुग्णांत चढलेलं दिसणारं एक द्रव्य तिच्या रक्तात भलतंच चढलेलं निघालं. एवढ्यावरून काही ठरत नाही, असं बाई समजावत होत्या, पण पंचफुलाचं लक्ष कुठे होतं? त्या वर्षी राज्याचे दोन तुकडे होत होते, सरकारी कपाटं-खुर्च्यांचीही वाटणी चालली होती, आणि तिला वाटलं, आपण वेड्यांच्या वाट्याला गेलो. तिला हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम.

घरी तिनं जावेला सगळं सांगितलं. विठाबाईनं चपला घातल्या आणि तिला दंडाला धरून दवाखान्यात आणलं. ही दिवसभर नाचत होती, मी स्वतः शिव्या दिल्या, अशी साक्ष तिनं बाईंपुढे दिली. बाईंनी कपाळाला हात लावला. एवढं नाचल्यावर स्नायूंतून ते द्रव्य रक्तात उतरणारच, म्हणाल्या. आराम करून पुन्हा रक्त द्या. मग पंचफुलाकडूनच कधी ऐकलेलं आठवून त्यांनी हसत विचारलं, हिला हौली तर तुम्हीच म्हणता ना?

"हौली म्हनायचं तर म्या म्हनीन," विठाबाई म्हणाली. "तुमच्या शिशीनं नक्को म्हनाय."

परतताना रिक्षात पंचफुला हसत सुटली, आणि शेजारी बसलेल्या विठाबाईला पहिल्यांदाच पदर तोंडात कोंबावा लागला.