पहिली ओळ कोणाची

२१ जुलै २०२४ रोजी आषाढी पौर्णिमा होती आणि तो रविवार होता, एवढी गोष्ट कोणत्याही दिनदर्शिकेवरून पडताळून पाहता येते. त्या संध्याकाळी भोकरच्या एका बुद्धविहारात वर्षावासाच्या, म्हणजे भिक्खूंच्या पावसाळी मुक्कामाच्या, प्रारंभानिमित्त आनंदराज गजभारे यांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम झाला, याबद्दलही वाद नाही. त्या कार्यक्रमात नेमके काय घडले, याविषयी मात्र समोर बसलेल्यांचे आणि मंचावर बसलेल्यांचे एकमत नाही. समोरच्यांच्या मते विशेष काही घडले नाही. मंचावरची माणसे अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाहीत. आणि जिच्या पुढच्या शिक्षणाचा निकाल त्या संध्याकाळी लागला, ती आनंदराजांची मुलगी बुद्धप्रिया मंचावरच होती, मागच्या रांगेत, आईच्या शेजारी.

ती जागा तिची लहानपणापासूनची. आनंदराज वीज कंपनीत लाइनमन. दिवसा खांबावर आणि संध्याकाळी, जयंती-पौर्णिमेच्या मोसमात, माइकसमोर. भीमगीते गाणारा त्यांच्यासारखा खडा आवाज तालुक्यात दुसरा नाही, असे त्यांचे चाहते म्हणतात. चाहत्यांचे म्हणणे म्हणून ते थोडे कमी करून घ्यावे, तरी आवाज मोठा आहे यात शंका नाही. लग्न होऊन आल्या वर्षापासून त्यांची पत्नी सिंधु मागे कोरसला बसली, आणि बोलू लागली तशी तिच्या मांडीवरची मुलगीही.

गायन पार्टीची एक रीत असते. मुखडा, म्हणजे गाण्याची पहिली ओळ, मुख्य गायकानेच उचलायची. मागच्यांनी ती त्याच्या तोंडून घ्यायची, घोळवायची आणि पुन्हा त्याच्या हाती सोपवायची. गायकाच्या आधी कोरसने तोंड उघडले तर गाणे फुटले असे समजतात. पट्टी, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, तीही गायकाचीच. आनंदराजांची पट्टी काळी दोन, पेटीतली दुसरी काळी. पेटीवर बसणाऱ्या नरसिंगमामांची बोटे सवयीने तिथेच पडत. त्या पट्टीत जिचा आवाज बसेल तिने गावे. जिचा बसणार नाही तिने बसवावा. यात कोणाला काही वावगे वाटत नव्हते. बुद्धप्रियालाही नाही.

बारावीनंतर तिच्यासमोर दोन वाटा होत्या. नांदेडच्या एका महाविद्यालयात अभिनयाची पदवी, आणि लातूरच्या एका महाविद्यालयात संगीत रंगभूमीची; दोन्ही तीन वर्षांच्या. कॉलेजच्या नाटकांत तिने दोन बक्षिसे मिळवली होती, म्हणून नांदेड. पण गळा घरचा, म्हणून लातूर. दोन्हीकडे प्रवेशाआधी चाचणी होती, आणि सोमवारी, बावीस तारखेला, संध्याकाळपर्यंत शाळा सोडल्याचा मूळ दाखला कुठेतरी एकाच ठिकाणी जमा करायचा होता. मूळ दाखला एकच असतो.

आनंदराजांच्या लेखी प्रश्नच नव्हता. अभिनयाची पदवी घेऊन मुलगी काय उजेड पाडणार, घरात उजेड पाडायचे खाते आपल्याकडे आहे, तिने आपले गाणेच करावे, असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि स्वतःच हसत. बुद्धप्रियालाही मनातून लातूरच हवे होते. नांदेडची चाचणी ती देणार होती ती केवळ हाताशी असावी म्हणून.

मंगळवारी मायलेकी नांदेडला गाडी बदलून, लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला पोहोचल्या. चाचणीच्या खोलीत पेटीवाला, तबलजी आणि टेबलामागे तीन परीक्षक होते. मधल्या वर्षाराणी मॅडम विभागप्रमुख होत्या. सिंधु दाराबाहेरच्या बाकावर बसली. दार पुरते लागत नव्हते.

वर्षाराणी मॅडमनी नाव विचारले, गाव विचारले, मग पट्टी विचारली.

"काळी दोन," बुद्धप्रिया म्हणाली.

मॅडमनी मान वर केली. मुलीच्या आवाजाला एवढी खालची पट्टी त्यांना विचित्र वाटली असावी. "ही कोणाची पट्टी?"

"पप्पांची."

"पप्पांची राहू दे. तुझी कोणती?"

बुद्धप्रियाला या प्रश्नाचा अर्थच कळला नाही. मग मॅडमनी तो सोडून दिला आणि हवी ती पट्टी धरून हवे ते गाणे सुरू कर, असे सांगितले. तिला शेकडो गाणी पाठ होती. तिने एक निवडले, डोळे मिटले आणि ती थांबली. पेटीचा सूर चालू राहिला. डोक्यात गाणे होते, त्याची पहिली ओळ होती, पण ती वडिलांच्या आवाजात होती. ती ओळ कोणीतरी म्हणेल आणि मग आपण घेऊ, अशी तिची छाती भरून तयार होती. कोणी म्हटली नाही. तिने तोंड उघडले. सूर आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. घसा कोरडा नव्हता, भीती वाटत नव्हती, शब्द विसरले नव्हते. गाणे सुरू कसे करतात हेच तिला माहीत नव्हते. इतकी वर्षे रोज गाऊन आपण एकही गाणे कधी सुरू केलेले नाही, हे तिला त्या खोलीत, अनोळखी माणसांसमोर, पहिल्यांदा कळले. 

शेवटी वर्षाराणी मॅडमनीच एक साधी ओळ गुणगुणली, बहुधा तिला धीर यावा म्हणून. ओळ संपायच्या आत बुद्धप्रियाने ती उचलली, आणि अशी उचलली की तबलजीचा हात थबकला. तिन्ही परीक्षक एकमेकांकडे पाहू लागले.

मॅडमनी आडपडदा ठेवला नाही. गळा असा आहे की आम्ही जागा राखून ठेवतो, पण तुला गाणे सुरू करता येत नाही, आणि नाटकात उभी राहशील तेव्हा पुढे कोणी नसेल. यायचे की नाही ते सोमवारपर्यंत तूच ठरव, असे त्यांनी सांगितले. निवड झाल्याचा आनंद मुलीच्या चेहऱ्यावर नव्हता. ती बाहेर येताच सिंधु बाकावरून उठली. दाराच्या फटीतून तिने ती शांतता ऐकली होती.

घरी आनंदराजांना हे सगळे खोटेच वाटले. रोज गाणाऱ्या पोरीला गाता येत नाही म्हणजे लातूरच्या लोकांचे कान तपासायला हवेत, असे ते म्हणाले. मग तिला समोर बसवून त्यांनी फर्मावले, की आपल्या पार्टीचे रोजचे गाणे म्हण. ती बसली. सिंधु भाकरी थापता थापता थांबली. बुद्धप्रियाची नजर वडिलांच्या ओठांवर गेली आणि तिथेच राहिली. 

"अरे, म्हण की," आनंदराज म्हणाले. "मी काय धरून बसलो का तुझं तोंड?"

"मला न्हाई येत, पप्पा."

"असं कसं न्हाई येत?"

तेव्हा सिंधु परातीवरून मान न उचलता म्हणाली, "मला बी न्हाई येत. कवा इचारलंच न्हाई कुनी."

आनंदराजांनी आधी मुलीकडे पाहिले, मग बायकोकडे. खांबावर विजेचा झटका बसलेल्या माणसांना त्यांनी उतरवून घेतले होते. तशा माणसाचा चेहरा कसा होतो ते त्यांना ठाऊक होते. त्या वेळी त्यांचा स्वतःचा चेहरा तसा झाला होता, असे बुद्धप्रिया सांगते. त्यांनी जेवण केले, पण उजेडाचा विनोद पुन्हा केला नाही.

गुरुवारी नांदेडची चाचणी झाली. तिथे उदगीरहून आलेल्या बसवंत नावाच्या मुलाबरोबर तिला एक प्रसंग दिला: नापास झालेला भाऊ बहिणीला ते सांगायला येतो. बोलणे जवळजवळ सगळे भावाचे. बसवंत मध्यावर अडखळला आणि शब्द विसरून उभा राहिला. बुद्धप्रियाने त्याचे शेवटचे वाक्य प्रश्नासारखे त्यालाच परत दिले, तो पुढे जाऊ शकला, आणि परीक्षकांना तो अडखळला हेच कळले नाही. कळले ते एवढेच, की ही मुलगी समोरच्याला संपूर्ण शरीराने ऐकते. एका परीक्षकाने तर दाखला घेऊनच ये असे तोंडी सांगून टाकले. बाहेर आल्यावर बसवंत म्हणाला, "तू नसतीस तर मी खरंच नापास झालो असतो बघ." ती हसली. मंगळवारपासूनचे ते पहिले हसणे.

मग नांदेडच ठरले. घरी तिने तसे सांगितले आणि आनंदराजांनी मान डोलावली. ज्या माणसाकडून तिला निदान दोन टोमण्यांची अपेक्षा होती त्याने "हाव, बरं हाय" एवढेच म्हणावे, याचाही तिला धक्काच बसला. दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिने नांदेडच्या बाकीच्या कागदांसोबत ठेवला.

रविवारी विहार भरून गेला होता. बाहेर पाऊस, म्हणून मांडव न घालता आतच बसवले होते. वंदना झाली, भन्तेजींचे प्रवचन झाले. मग आनंदराज माइकसमोर बसले. दोन गाणी नेहमीसारखी झाली. तिसऱ्याला नरसिंगमामांनी पेटीवर सूर धरला, ढोलकीने ठेका दिला, आवर्तन आले आणि गेले. आनंदराज गायले नाहीत. ठेका पुन्हा फिरला. ते माइकसमोर ताठ बसून होते, ओठ मिटलेले, नजर समोरच्या भिंतीवर. नरसिंगमामांनी डोळ्यांनी विचारले. कोरसमधल्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. बुद्धप्रियाच्या छातीत लातूरची खोली परत आली. या वेळी सूर देणारे कोणी टेबलामागे नव्हते. तिने ओठ उघडले. पुन्हा काहीच आले नाही.

आणि तिच्या शेजारून आवाज आला.

सिंधुने मुखडा उचलला होता. हळू नाही, चाचपडत नाही. कितीतरी दिवस तोंडात धरून ठेवलेला घास गिळावा तसा. पण तो काळी दोनमध्ये नव्हता. कुठल्या कुठे वर होता. नरसिंगमामांची बोटे पेटीवर सैरभैर झाली, सूर शोधू लागली आणि काळी चारवर येऊन थांबली. ज्या बाईच्या शेजारी बसून ते अर्धे आयुष्य पेटी वाजवत आले, तिची पट्टी त्यांना त्या क्षणी कळली. ओळ संपली. बुद्धप्रियाने ती घेतली, कारण ओळ आली की घ्यायची, एवढे तिला येत होते. पण पहिल्यांदाच ती वडिलांच्या नव्हे, आईच्या उंचीवर गेली, आणि तिथे गेल्यावर आपल्या आवाजाला एवढी मोकळी जागा आहे हे तिला कळले.  आनंदराजांनी माइक किंचित मागे सरकवला. मग, मुखडा दुसऱ्यांदा आला तेव्हा, ते स्वतः कोरसमध्ये गायले.

समोर कोणाला काही जाणवले नाही. पहिल्या रांगेतल्या कोंडाबाई आजींनी तेवढे शेजारणीला विचारले, "आज आवाज कोनाचा हाय? आनंदराजाचा घसा बसला काय?"

सोमवारी सकाळी आनंदराज मोटारसायकलवर मुलीला बसस्थानकात सोडायला आले. नांदेडची गाडी लागली होती. लातूरला जायलाही तीच घेऊन नांदेडला बदलायची असते, त्यामुळे गाडीवरून काही कळण्यासारखे नव्हते. दाखला पाकिटात होता. त्यांनी विचारले, उतरायचे कुठे. नांदेडला उतरून कॉलेजात जाणार, की पुढे?

"पुढं," ती म्हणाली. "आईची पट्टी काल कळली, पप्पा. माझी अजून कुठं माहीत हाय?"

नांदेडला नावाजतील ते, दुसऱ्याची ओळ उचलणे, आपल्याला आधीच येते, आणि ते ज्या कारणाने येते त्याचीच आता भीती वाटते, असे काहीसे तिने पुढे सांगितले. गाडीच्या आवाजात ते आनंदराजांना नीट ऐकू आले नाही. संध्याकाळी दाखला लातूरला जमा झाला. बसवंतला नांदेडला प्रवेश मिळाला. ती आली नाही म्हणून तो अजून तिला फोनवर बोल लावतो.

काही गोष्टी निश्चित सांगता येत नाहीत. आनंदराज त्या संध्याकाळी मुद्दाम थांबले की नाही, हे ठाऊक नाही. ते म्हणतात, ठसका लागला होता. नरसिंगमामा म्हणतात, ठसका लागलेला माणूस असा भिंतीकडे बघत बसत नाही, आणि पाण्याचा पेला शेवटपर्यंत भरलेलाच होता. मुद्दाम थांबले असतील तर ते मुलीसाठी की सिंधुसाठी, हेही कळायला मार्ग नाही. सिंधुने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही. त्यानंतरच्या कार्यक्रमांत मुखडा पुन्हा आनंदराजच उचलतात. सिंधु मागे बसते, काळी दोनमध्ये गाते. ती पुन्हा कधी गाणे सुरू करील का, हे माहीत नाही.

बुद्धप्रिया लातूरला शिकते आहे. तिने एकटीने पहिली ओळ उचललेली अद्याप कोणी ऐकलेली नाही. तिची पट्टी कोणती, ते अजून ठरलेले नाही.