पेट्रोल पायजे का भाषण

पेट्रोलचा भाव कडूबाई वाढवते, असं सोनई-घोडेगाव रस्त्यावरच्या पंपाच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं प्रामाणिक मत होतं. गाडी मशीनजवळ लावता लावताच माणूस तिच्याकडे रागानं बघायचा. "काय मावशी, शंभरीच्या खाली यायचंच नाही का आता?" कडूबाई टाकीचं झाकण उघडेपर्यंत थांबायची आणि शांतपणे सांगायची, "मी फकस्त नळी धरते, दादा. भाव सकाळी मशीनमधी आपोआप येतो. कुठून येतो ते मलाबी म्हाईत न्हाई."

कडूबाई मूळची पाथर्डीकडची, डोंगराच्या कुशीतल्या एका कोरड्या गावची. एकोणीस वर्षं नवऱ्याबरोबर ऊस तोडला. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचं आणि उन्हाळा तापला की परत यायचं. एका साली ट्रकवर मोळी चढवताना बजरंगची पाठ गेली आणि दोघं सोनईतच राहिले. बजरंग एका कांद्याच्या चाळीवर राखणीला लागला आणि कडूबाई छगनशेठच्या पंपावर. उसाच्या फडात असताना ती लुगड्यावर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची, आता पंपाचा निळा शर्ट घालते. तिच्या मते नोकरीत फरक पडला तो एवढाच, आणि इथं उसाच्या वाळक्या पाचटानं हात कापत नाहीत हा दुसरा.

आता पेट्रोलमध्ये उसापासून केलेलं इथेनॉल मिसळतात, हे तिला एका टेम्पोवाल्यानं सांगितलं त्या दिवशी तिनं नळी नाकाजवळ नेऊन दोनदा वास घेतला. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "आवं, आपुन तोडलेला ऊस लोकांच्या गाडीत जातोय."

बजरंग पाठीला शेक घेत पडला होता. "आपला नसंल त्यो," तो म्हणाला. "आपला कवाच साखर होऊन लोकांच्या च्यात गेला."

तरी तिला आतून बरं वाटलं. त्यानंतर कुणी भावावरून बोललं की ती जास्तच शांत राहायची, घरचं माणूस टीका ऐकून घेतं तशी.

मग पंचायत समितीची निवडणूक जवळ आली. गावात पेट्रोलवरून दोन तट पडले. एका बाजूला रंगनाथ आण्णा. ते एका साखर कारखान्याचे संचालक, आणि इथेनॉलवर बोलायला लागले की जेवणाची वेळ विसरत. दुसऱ्या बाजूला कल्याणभाऊ. त्यांचं म्हणणं, पेट्रोलमध्ये अर्धा कर आणि अर्धी थापेबाजी. दोघांनी एकाच सोमवारी, एकाच वेळी, छगनशेठच्या पंपावर कार्यक्रम जाहीर केला. भाऊंचा 'दुचाकी ढकल मोर्चा' आणि आण्णांचा 'स्वदेशी इंधन सन्मान सोहळा'.

छगनशेठ घाबरला. आण्णा त्याचे व्याही लागत आणि भाऊंकडून त्यानं पंपाची जागा घेतलेली. दोघांनाही त्यानं "या, या, आपलाच पंप आहे" असं सांगून टाकलं होतं. सोमवारी सकाळी सात वाजता तो बायकोला घेऊन शिर्डीला दर्शनाला निघाला. जाताना कडूबाईला म्हणाला, "तू आहेस ना. फोन बंद असेल माझा, देवाच्या दारात बरं दिसत नाही."

"शेठ, पण लई गर्दी व्हईल."

"होऊ दे की. गर्दी म्हणजे गिऱ्हाईकच."

दहा वाजता आण्णांची माणसं आली. सतरंजी, माईक, हार, नारळ आणि एक जनरेटर. जनरेटर त्यांनी जमिनीखालची टाकी भरायच्या तोंडापासून चार हातांवर ठेवला. कडूबाईनं तो ढकलायला लावला. "रस्त्याकडं न्या. अजून. अजून थोडा." तो ढकलत ढकलत गटारीपर्यंत गेला. पाठोपाठ आण्णांची पांढरी गाडी आली. आण्णा उतरून हसत म्हणाले, "कडूबाई, पहिलं इंधन माझ्याच गाडीत टाका. फोटो होऊ द्या. आपल्या मातीतलं इंधन."

कडूबाईनं झाकण बघितलं आणि हळूच म्हणाली, "आण्णा, ही गाडी डिझेलची हाय. ह्यात उसाचं काय नसतंय."

आण्णांनी चालकाकडे बघितलं. चालकानं आभाळाकडे बघितलं. शेवटी एका कार्यकर्त्याची मोटारसायकल आणून तिला हार घातला आणि आण्णांनी तिच्यावर हात ठेवून फोटो काढला.

साडेदहाला मोर्चा आला. बेचाळीस मोटारसायकली सोनईच्या स्टँडपासून उन्हातून ढकलत आणलेल्या. घोषणा द्यायला कुणात दम उरला नव्हता. मध्येच कुणी गाडी चालू करून लबाडी करू नये म्हणून भाऊंनी आदल्या दिवशीच सगळ्यांच्या टाक्या रिकाम्या करून घेतल्या होत्या. भाऊ स्वतः पुढे चालत होते. त्यांच्या हातात गाडी नव्हती, झेंडा होता.

मग जे व्हायचं ते झालं. आण्णा माईकवर म्हणाले, "परदेशातून तेल आणायचं आपण कमी करतोय. तो पैसा आता शेतकऱ्याच्या घरात येतोय." समोरून भाऊ ओरडले, "मग भाव का कमी होत नाही? मोटारसायकल पूर्वीइतकी पळत का नाही?" आण्णा म्हणाले, "तुमचं राज्य होतं तेव्हा तुम्ही कर कमी केला का?" भाऊ म्हणाले, "तेव्हा मी नववीत होतो." यावर दोन्हीकडचे लोक हसले आणि तेवढ्यानं वातावरण बिघडलं, कारण आपल्याला कोण हसलं ते दोघांनाही कळेना.

आण्णांना एकदम सुचलं. "अरे, या कडूबाईंना विचारा. एकोणीस वर्षं ऊस तोडलाय त्यांनी. इंधन खरं यांनीच तयार केलंय." भाऊ लगेच म्हणाले, "आणि तोडून त्यांना काय मिळालं तेही विचारा." दोघांनी दोन बाजूंनी आण्णांचाच माईक तिच्या तोंडापुढे धरला.

कडूबाईला माईकपेक्षा त्यांच्या मागचं जास्त दिसत होतं. आण्णांची दोन माणसं मशीनच्या कडेनं फटाक्यांची लांबलचक माळ उलगडत होती. भाऊंच्या चौघांनी टेम्पोतून महागाईचा पुतळा उतरवला होता. जुनं लुगडं नेसवलेला आणि आत पाचट ठासून भरलेला. त्यातल्या एकाच्या हातात काडेपेटी होती.

पाचट कसं पेटतं हे त्या पंपावर तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. पेटवलेल्या फडाच्या कडेला तिनं एकदा लेकराला पोटाशी धरून धाव घेतली होती. ती वळली, भिंतीला टांगलेली वाळूची लाल बादली काढली आणि थेट फटाक्याच्या माळेवर ओतली. दुसरी बादली महागाईवर. वारा आण्णांच्या दिशेनं असल्यामुळे त्यातली निम्मी आण्णांच्या टोपीवर गेली. तिसरी घेऊन ती काडेपेटीवाल्याकडे निघाली तेव्हा त्यानं काडेपेटी आपणहून तिच्या हातात दिली.

मग तिनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. मशीनचे आकडे विझले.

"पंप बंद," ती माईकमध्ये म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती माईकमध्ये बोलत होती. स्वतःचा आवाज रस्त्यापलीकडून परत आलेला ऐकून जरा दचकली, पण थांबली नाही. "खाली पंधरा हजार लिटर हाय. तुमी दोघंबी शाने हायसा, पन दोघंबी आग घिऊन आलाय. भाषण रस्त्याच्या पल्याड करा. ज्याला पेट्रोल पायजे त्यानं गप लाइनीत ऱ्हावं. बोलला की नंबर गेला."

मग मोर्चातल्या एका माणसानं आपली गाडी ढकलत पहिला नंबर धरला. घरी जायला टाकीत थेंब नव्हता आणि ऊन चढत होतं. कडूबाईनं मशीन परत चालू केलं तशी त्याच्यामागे दुसरा लागला. पाच मिनिटांत चाळीसेक गाड्यांची रांग झाली, इतकी शांत की मशीनची गुणगुण ऐकू यावी. सन्मान सोहळ्याचे लोकही आपापल्या गाड्या घेऊन मागे लागले, आलोच आहोत तर भरून जाऊ म्हणून.

रस्त्यापलीकडच्या तोडलेल्या फडात आण्णा आणि भाऊ समोरासमोर उभे राहिले. ऐकायला जनरेटरवाला आणि एक म्हैस. थोडा वेळ त्यांनी करावर वाद घातला. मग आण्णांनी टोपी झटकली, भाऊंनी त्यांना आपली पाण्याची बाटली दिली, आणि पुढचं बोलणं लांबून काही ऐकू आलं नाही. अर्ध्या तासानं भाऊ इकडे आले आणि मुकाट्यानं रांगेत शेवटी उभे राहिले. त्यांचीही मोटारसायकल कुणीतरी ढकलत आणलेली होती.

संध्याकाळी छगनशेठ प्रसाद घेऊन आला. मशीनवरचा दिवसाचा आकडा बघून त्यानं चष्मा पुसला आणि परत बघितला. दिवाळीतही एवढी विक्री झाली नव्हती. "मोर्चा परत कधी आहे?" त्यानं विचारलं.

"वाळू आधी भरून आना," कडूबाई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात दोन्ही पक्षांची माणसं वेगवेगळ्या दिवशी तिच्या खोलीवर येऊन गेली. पंचायत समितीला उभ्या राहा म्हणाले. बजरंगनं दोन्ही वेळा गुळाचा चहा केला. ते गेल्यावर त्यानं विचारलं, "मग, कुनाकडनं हुबी ऱ्हातीस?"

कडूबाई निळ्या शर्टाचं तुटलेलं बटण लावत होती. "बसून काम असतंय का त्ये?" तिनं विचारलं.

"बैठका असत्यात म्हनं."

तिनं दोरा दातानं तोडला. "मग फॉर्म आनून ठिवा," ती म्हणाली. "वाचून तर बघू."