रिमोटमध्ये राहिलेला आवाज

काकांची वाचा गेल्यावरही त्यांचा आवाज ड्रोनच्या रिमोटमध्ये होता, आणि तो काकूंच्या कानावर पडू नये एवढीच माझी धडपड होती. काकू त्या दिवसांत कशालाही भुलायच्या. अर्धांगवायूनंतर काकांकडे एकच शब्द उरला होता: ‘तेच’. पाणी हवं तरी तेच, नको तरी तेच. डॉक्टर म्हणाले होते, वाचा येईलही, सांगता येत नाही. त्या ‘येईलही’वर काकू दिवस काढत होत्या. गोठ्यात म्हैस हुंकारली तरी दारात येऊन विचारायच्या, “बोलले का रं हे?”

मी भंडाऱ्याकडचा. आठवीतून शाळा सोडली, बोअर मारणाऱ्या गाडीवर लागलो आणि नगरच्या पूर्वेला या माळावर तापाने पडलो. गाडी पुढच्या गावाला गेली. काका-काकूंनी मला वस्तीवर ठेवून घेतलं, ते आजतागायत. काकू चिडवायच्या, “तुमच्याकडं दोन्ही टायमाला भातच व्हय रं? मग भाकरी बघून रडू येत आसंल.” रडू यायचं खरं, पण ते भाकरीमुळे नव्हतं. परक्याच्या पोराला कोणी गरम वाढतं का?

काकांची सगळी नोकरी भिंगारच्या लष्करी छावणीत वायरलेस दुरुस्त करण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक ड्रोन स्वतःच्या हाताने जोडला. छावणीकडे कधी नेला नाही. “त्यांच्या कानाशी आपली शिट्टी नको,” म्हणायचे. त्यात ऑटोपायलट होता. रिमोटशी संपर्क तुटला की ड्रोन आपणहून निघाल्या जागी परतायचा. पण रिमोट इशारे द्यायचा इंग्रजीत, आणि ते ऐकून मी गांगरून भलतंच बटण दाबायचो. काका म्हणाले, “लेका, तुला इंग्रजी कळंना आन् मला तुझी धडधड बघवंना.” मग त्यांनी सगळे इशारे स्वतःच्या आवाजात भरले. खास माझ्यासाठी.

ते आजारी पडल्यावर मी ड्रोन फळीवर ठेवला आणि रिमोटचा आवाज बंद केला.

थंडीत त्यांना उन्हाला बसवायला लागलो, तेव्हा एक दिवस त्यांनी डावा हात फळीकडे केला. “तेच.” मी ड्रोन खाली काढला. अँटेनाची वायर उंदराने कुरतडली होती, ती नवी टाकली. वायर बदलली की उडवण्याआधी जमिनीवर पल्ला तपासायचा, हा काकांचा नेम. पंखे काढायचे, रिमोटची ताकद मुद्दाम कमी करायची, एकाने रिमोट धरून बसायचं आणि दुसऱ्याने ड्रोन घेऊन चालत लांब जायचं. कमी ताकदीत जो संपर्क बांधापर्यंत टिकला, तो पूर्ण ताकदीत आभाळात पुष्कळ टिकतो. आधी चालायचे काका, बसायचो मी. आता उलटं झालं. ठरलं असं की संपर्क तुटला की त्यांनी डावा हात वर करायचा आणि मी मागे फिरायचं.

मी निघणार तोच त्यांनी अंगठ्याने रिमोटचा आवाज चालू केला. स्क्रीनवरची अक्षरं त्यांना आता वाचता येत नव्हती. आवाजाशिवाय त्यांना कळणार तरी कसं? काकू आत भाकऱ्या थापत होत्या. मी ओठांवर बोट ठेवलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट चालायला लागलो.

बाभळीपाशी वळून पाहिलं. हात खाली. बांधावर चढलो. हात खालीच. इतक्यात माझ्या हातातल्या ड्रोनचा दिवा लाल झाला. म्हणजे संपर्क तुटला होता. तरी हात वर होईना. ते मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, दुसरा झटका आला. पंखे काढलेत ना, हेही पुन्हा न बघता ड्रोन पोटाशी धरून मी ढेकळांतून पळत सुटलो.

जवळ आलो तेव्हा दिसलं. तुटलेला संपर्क परत जुळायला वेळ लागायचा, तोवर रिमोट मांडीवर बोलतच होता. “सिग्नल गेला. घाबरू नको लेका, येतंय ते घरी.” पुन्हा तेच. आणि काकांचे ओठ त्याच्या मागेमागे हलत होते, आवाज न करता, एका शब्दाने मागे पडत. स्वतःच्याच मागे चाललेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता.

काकू दारात उभ्या होत्या. हाताला पीठ.

“बोलले! मी ऐकलं! काय म्हनले रं?”

मी ड्रोन खाली ठेवला, रिमोट उचलला, आतल्या यादीतून तोच इशारा शोधून लावला. काका आमच्यासमोर तोंड मिटून बसलेले, आणि त्यांचा आवाज माझ्या हातात. “...येतंय ते घरी.” त्याच्या पाठीमागे, लांबून, एक बाई ओरडली, “आवो, च्या गार होतोय!”

काकूंनी पदराला हात पुसले. पुसतच राहिल्या.

“ही तर मीच हाय,” त्या म्हणाल्या. मग ओट्यावर बसल्या. “लई आधीचं दिसतंय.”

“व्हय.”

“परत लाव.”

मी बटण दाबणार, तर काकांनी रिमोटच्या स्पीकरवर तळहात ठेवला. “तेच,” आणि जोरात मान हलवली. ड्रोनकडे बोट केलं, मग बांधाकडे. मला कळलं. सिग्नल असताना ‘गेला’ म्हणायचं, हे त्यांना कधीच चाललं नव्हतं. खोटा इशारा एकदा ऐकला की खऱ्यावर कोण विश्वास ठेवणार, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

“काय म्हनत्यात?”

“नुसतं लावायचं न्हाई म्हणतात. ऐकायचं आसंल तर मला लांब जावं लागंल.”

काकू म्हणाल्या, “मग जा की.”

मी गेलो. बाभळीवरून, बांधावरून. मला तिथून काहीच ऐकू येत नव्हतं. दिवा लाल झाला आणि वळून पाहिलं, तर काकांचा हात वर होता. म्हणजे फीर. शेजारी काकू रिमोटवर वाकल्या होत्या आणि मान वर न करता दुसऱ्या हाताने मला ढकलल्यासारखं करत होत्या: जा, अजून जा.

मी बांधावर उभा राहिलो. एकाने वाचवलेलं, एकीने पोसलेलं पोर. मग पाठ फिरवली आणि पलीकडे उतरलो, जिथून दोघंही दिसत नव्हती नि सिग्नलही पोचत नव्हता, आणि तिथे बराच वेळ चालू ड्रोन धरून बसलो.