थांबाबाईंची शिदोरी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना अख्खी गल्ली थांबाबाई म्हणते, आणि ते रास्तच आहे. कोणीही बिघडलेलं यंत्र घेऊन दुकानात शिरलं, की नमस्कार राहिला बाजूला, बाईंचा पहिला शब्द "थांबा!" वय साठीपुढचं, चष्मा दोरीने गळ्यात. पूर्वी त्या टायपिंग शिकवायच्या. एक अक्षर चुकलं तर अख्खं पान फुकट जायचं, तेव्हापासून घाईचा त्यांना मनस्वी तिटकारा.

त्या शनिवारी सकाळी ब्रेलची पुस्तकं छापणारा छपाईवाला कॉम्प्युटर छातीशी धरून आला, तेव्हाही त्या तेच म्हणाल्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच्या धाकट्या बहिणीला दिसत नाही. सोमवारी तिची वकिलीची शेवटची परीक्षा होती, पुस्तकाचा शेवटचा भाग छापायचा राहिला होता आणि कॉम्प्युटर निळ्या पडद्यापुढे सरकायला तयार नव्हता. दोन दुकानदार म्हणाले होते, सगळं पुसून नव्याने भरू. तसं केलं असतं तर ब्रेलचा प्रोग्रॅम कायमचा गेला असता. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती आणि तो चालवायची परवानगी या एकाच कॉम्प्युटरच्या रजिस्ट्रीत नोंदलेली होती.

"शेवटी काय केलंत? खरं सांगा."

"साफसफाई," तो पुटपुटला. "एका प्रोग्रॅमनं विचारलं, रजिस्ट्रीत कचरा आहे, काढू का? आमच्याकडे यंत्रातला कागदाचा भुसा रोज झाडावा लागतो, बाई. कचरा म्हटल्यावर हात थांबतो होय?"

रजिस्ट्री म्हणजे कॉम्प्युटरची आठवण. कोणता प्रोग्रॅम कुठे आहे, कोणतं यंत्र जोडलंय, सगळं तिथे. या बहाद्दराने आठवणच झाडून टाकली होती!

बाईंनी आधी बिघडलेल्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायला घेतली. त्यात तास गेला. छपाईवाल्याच्या येरझाऱ्या चालूच.

"मोडलेल्याची नक्कल कशाला?"

"माझाही हात चुकू शकतो म्हणून."

मग त्यांनी पेनड्राइव्हवरून दुरुस्तीची साधनं चालू केली आणि कॉम्प्युटर स्वतःहून रजिस्ट्रीच्या ज्या प्रती ठेवतो त्या पाहिल्या. नावं होती, पण आकार शून्य. उतावळेपणाने त्याच चढवल्या असत्या तर आगीतून उठून फुफाट्यात.

"तीन वर्षांपूर्वी तुम्ही पंखा बदलायला आला होतात," बाई म्हणाल्या. "तेव्हा रजिस्ट्रीची प्रत मी यातच ठेवली होती. फोल्डरचं नाव शिदोरी."

छपाईवाल्याला आठवलं. साध्या पंख्याला अर्धा तास जास्त लावला म्हणून तो तेव्हा कुरकुरला होता. पण खरी लाज पुढेच होती. "बाई, ते मी... गेल्या महिन्यात पुसलं. मला वाटलं, कुणाच्या तरी जेवणाची यादी आहे."

आता मात्र बाई खळखळून हसल्या. "वाटलंच होतं. म्हणून एक शिदोरी तुमच्याजवळ आणि एक तुमच्यापासून लांब." त्यांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. आत पेनड्राइव्हच पेनड्राइव्ह, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: ब्रेलवाले. पंखा. घाईत.

रजिस्ट्रीच्या खराब फाइलीही त्यांनी पुसल्या नाहीत. नावापुढे "जुनं" लावून बाजूला ठेवल्या आणि डब्यातल्या पेनड्राइव्हवरच्या पाच फाइली त्यांच्या जागी बसवल्या. कॉम्प्युटर उठला. मागाहून घेतलेला स्कॅनर तो पार विसरला होता, पण ब्रेलचा प्रोग्रॅम उघडला. छपाईवाल्याचा जीव भांड्यात पडला. हळू, हळू म्हणून सगळ्यांनी हिणवलेल्या या बाईने आपल्या मूर्खपणाची सोय तीन वर्षं आधीच करून ठेवली होती, या विचाराने त्याला भरून आलं.

"रडणं नंतर," बाई म्हणाल्या. "एक पान छापून दाखवा, मग मी सुटले."

दोघं कॉम्प्युटर घेऊन छापखान्यात पोचले, तेव्हा बहीण दारातच उभी होती. छपाईवाल्याने सुचला तो पहिला शब्द टाइप केला. यंत्र खडखडलं, कागद बाहेर आला. बहिणीने बोट फिरवलं.

"थांबा? आता कसली थांबते मी! परवा परीक्षा आहे, दादा!"

बाईंनीही कागदावरून झटकन बोट फिरवलं. त्यांना नुसते खडे लागले. "यात थांबा कुठे आहे गं?"

बहिणीने त्यांचं बोट धरलं आणि एकेका ठिपक्यावरून नेलं.

"सावकाश, बाई," ती म्हणाली. "घाई नको."