पाच जणी आत चला

संत्रं सोलताना सालीचा तिखट वास नाकात गेला, की मला हिवाळी अधिवेशनातला तो पोलिसांनी कठडे लावून अडवलेला रस्ता आठवतो. नळाला रोज पाणी द्या म्हणून आमच्या कन्हानच्या बाया तिथे मोर्चा घेऊन बसल्या होत्या आणि आईला चिकटून मीही. दुपारी आमच्याच आमदारांचा पीए कठड्यापलीकडून म्हणाला, "पाच जणी आत चला, साहेब निवेदन घेतील. बाकीच्यांनी घरी जा." दोघी-तिघी पदर सावरत उठल्यासुद्धा. आई मात्र बसल्या जागी संत्रं सोलत राहिली. "काहून गा," ती म्हणाली, "मतं मागाले आले तवा पाचच घरी गेले होते का तुमचे साहेब? सगळ्यायच्या दारात हात जोडून उभे होते. आता त्यायले सांग, बाहेर या म्हणा." उठलेल्या बाया पुन्हा खाली बसल्या. उन्हं कलल्यावर साहेब तोंड वाकडं करून बाहेर आले आणि सालींच्या पसाऱ्यात उभं राहून त्यांना एकेकीचं ऐकावं लागलं. नळाला अजूनही दिवसाआडच पाणी येतं. परवाच्या मोर्च्यात पुन्हा तीच हाक आली, "पाच जणी आत चला." मी मांडी घातली आणि पिशवीतून संत्रं काढलं.