रोवणीच्या बायांना दलिया

भात सोडल्याने माणूस मरत नाही, हे मी घरच्यांना पटवून द्यायला निघाले तेव्हा आमच्या मागच्या खोलीत सात पोती धान होतं.

आमच्या गावच्या, म्हणजे अड्याळच्या माणसाला धान म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. मला मात्र बरीच वर्षं सांगावं लागत होतं. मी भंडाऱ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले (आमच्याकडे प्रत्येक इंग्रजी शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, मग तिथे औषधालाही नन नसो), पुढे नागपूरला हॉस्टेलवर राहिले आणि घरबसल्या करायची नोकरी घेऊन परत आले. लोक तक्रारी लिहून पाठवतात, मी टाइप करून उत्तरं देते. मला ही नोकरी फार आवडते, कारण तिच्यात बोलावं लागत नाही.

त्याच सुमारास बाबांची शुगर वाढलेली निघाली. बाबा गावातल्या शाळेत लिपिक आहेत. दवाखान्यातून आल्यावर ते म्हणाले, "डॉक्टर म्हणे, टेन्शन कमी करा." मी कागद घेऊन वाचला. त्यावर टेन्शनचा उल्लेख नव्हता. भाताचा होता, आणि त्याखाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

बाबा सकाळी भात खात, दुपारी भात खात, रात्री भात खात आणि मधे भूक लागली तर उरलेल्या भाताला फोडणी देऊन तो खात. मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आईने ते एका शब्दाचाही विरोध न करता दिलं (संशय तिथेच यायला हवा होता). डब्यातला सगळा तांदूळ दोन पिशव्यांत भरून मी आसगावच्या आत्याकडे पोहोचता केला, तोही बाबांच्याच मोटरसायकलवरून. आता घरात उरलं ते फक्त धान, आणि गिरणीत नेऊन सालं काढल्याशिवाय ते कोणालाच खाता येत नाही. कुलूप लावायचीही गरज पडली नाही.

पंधरा दिवस मी दलिया केला, भगर केली, ज्वारीची भाकरी केली, मुगाला मोड आणले. बाबा मुकाट्याने खात आणि वर "बरं हाय" म्हणत. एवढा समजूतदार माणूस एवढी वर्षं भाताच्या आहारी कसा गेला, याचंच मला नवल वाटायचं.

मग रोवणी आली.

आमची शेती दोन एकर. चिखल केलेल्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांमध्ये, धानाची रोपं लावायला शेवंतामावशींची टोळी येते, त्यांच्यासकट बारा बाया. या टोळीला आख्ख्या पंचक्रोशीतून मागणी असते; लग्नाचा मंडपवालासुद्धा त्यांच्यापेक्षा लवकर मिळतो. तीन दिवसांचं काम ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी रोवणी संपली की संध्याकाळी बायांना घरी जेवण, अशी आमच्याकडची रीत. भात, वरण, वांग्याची भाजी आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. आई स्वतःही त्यांच्याबरोबर बांधीत वाकलेली, तेव्हा स्वयंपाक माझ्याकडे आला.

मी विचार केला, या बाया दिवसभर चिखलात राबतात, यांना तळकट आणि भात कशाला? यांना तर खरी ताकद हवी. मी मोठ्या गंजात दुधी, गाजर आणि शेंगा घालून गव्हाचा दलिया शिजवला. सोबत मोड आलेले मूग, काकडी, ताक. तेल बेताचं, मीठ त्याहून बेताचं. एवढं पौष्टिक जेवण आमच्या घरात कधीच शिजलं नव्हतं, याबद्दल आजही कोणाचं दुमत नाही.

साडेतीनला आईचा फोन आला. "प्रज्ञा, घोटाळा झाला. दुपारी आभाळात इजा कडकडत होत्या म्हणून बाया झाडाबुडातून उठून आपापल्या घरी जाऊन बसल्या. दोन बांध्या राह्यल्या."

"मग उद्या लावू ना."

"उद्या टोळी आसगावले जाऊन राहिली, एका शेतकऱ्याकडे. रोपं तं आपण उपटून ठेवली. दोन दिवस पडली तं वाया जातेत. शेवंताबाईले म्हटलं, उद्या अर्धा दिवस या. तं म्हणते, जेवण झाल्यावर सांगतो." मग तिने विचारलं, "नेहमीचं केलं नं सारं?"

"चांगलं केलंय," मी म्हटलं. (यात एकही शब्द खोटा नव्हता. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आहे.)

पाचच्या सुमारास बाया आल्या. हातपाय धुऊन घरापुढच्या छपरीत दोन ओळींत बसल्या. आई आंघोळ करून लुगडं बदलायला आत गेली आणि मी पत्रावळींवर वाढायला घेतलं. कांता नावाच्या तरुण बाईने पत्रावळीत निरखून पाहिलं.

"हे काय होय वो?"

"दलिया."

"आमच्या घरी गाय व्याली का देतेत हा," ती म्हणाली. टोमणा नव्हता, माहिती होती. पलीकडच्या बाईने हळूच विचारलं, "यायच्या घरी कोणी बाळंत झालं का?"

"चूप खा वो," शेवंतामावशी म्हणाल्या. "शिकली पोरगी हाय. काही इचार करूनच केलं असन."

बाया जेवल्या. मी बोलत नाही, त्यामुळे बघायला मला भरपूर वेळ असतो. म्हणून खात्रीने सांगते, एकीनेही पानात कण टाकला नाही. दोघींनी तर परत मागून घेतला. मूग संपले, काकडी संपली. मग सगळ्या हात तसेच ठेवून शांत बसून राहिल्या. कोणी उठेना, कोणी हात धुवेना. आवडलेलं दिसतंय, मी मनात म्हटलं आणि सगळं धैर्य गोळा केलं.

"मावशी, मग उद्याचं काय?"

"सांगतो नं. जेवण तं होऊ दे, बेटा."

ताक राहिलंय, हे माझ्या लक्षात आलं. मी बारा पेले ताक दिलं. बायांनी ते पिऊन पेले बाजूला ठेवले आणि पुन्हा शांत बसल्या.

"मावशी, उद्या याल ना?"

"घाई कायची हाय? जेवण होऊ दे, मंग बोलू."

मी आत जाऊन आणखी दोन काकड्या चिरून आणल्या. त्याही गेल्या. बाहेर गप्पा सुरू झाल्या होत्या. कोणाच्या सुनेचं काय, कोणाच्या शेळीचं काय. मी दाराआड उभी राहून ऐकत होते (ही सवय चांगली नाही, पण उपयोगी आहे). कांताचा आवाज आला, "लय टाइम लागून राहिला वो."

"एकटी पोर हाय," शेवंतामावशी म्हणाल्या. "बारा जनीचा भात शिजाले टाइम नाई लागन का?" आणि मग दाराच्या दिशेने मोठ्याने, मला धीर देत, "आरामानं कर बेटा. आमी बसलो हावो."

बायांच्या हिशेबी जेवण अजून सुरूच झालं नव्हतं!

एवढ्यात शेवंतामावशींचा फोन वाजला. त्या फोन कानाला लावत नाहीत, तोंडासमोर धरतात, त्यामुळे तो साऱ्या छपरीने ऐकला. आसगावचा शेतकरी होता. "शेवंताबाई, सकायी ट्रॅक्टर पाठवतो. दुपारी कोंबडा कापतो तुमच्यासाठी."

"भात हाय नं त्याच्यासंगं?" मावशींनी विचारलं.

"भात नाई तं काय भुसा देतो का बायाहो?"

बाराही माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. मी दार लोटून घेतलं.

आत आई केस पुसत उभी होती. "भात कोणत्या गंजात हाय?"

"कोणत्याच नाही."

आई खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. "बारा बाया," ती म्हणाली. "धान रोवून आल्या. अन् त्यायले भात नाई."

तेवढ्यात मागच्या दाराने बाबा शाळेतून आले. बाहेर काय दिसलं आणि आत काय चाललंय याचा अंदाज त्यांना एका नजरेत आला. मी म्हटलं, "बाबा, गिरणीत जाऊन या ना पटकन."

"इजा कडकडल्यापासून लाइन नाई हाय गावात. गिरणी बंद हाय." बाबांनी घसा साफ केला. "पण पाहतो मी काहीतरी."

ते मागच्या खोलीत गेले. पेटीचं झाकण वाजलं, पेटीतल्या रजया बाहेर पडल्याचा आवाज आला आणि बाबा हातात एक भरलेली कापडी पिशवी घेऊन आले. आठ किलो तरी तांदूळ असावा. चिन्नोर होता, आमच्याकडचा सुवासिक तांदूळ; पिशवी उघडण्याआधीच वास आला.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

"हा होय? शाळेतल्या एका मॅडमनं ठेवाले देला होता."

मी त्यावर विश्वास ठेवलाही असता. पण आईने पिशवीत हात घालून मूठभर तांदूळ पाहिला आणि सवयीने बोलून गेली, "याले पाणी जरा कमी घाला लागते. परवा गिच्च झाला होता."



"परवा?" मी म्हटलं.

"आता आंधण तं ठेव आधी," आई म्हणाली.

रोज सकाळी नऊ ते दहा माझी ऑनलाइन मीटिंग असते, वरच्या खोलीत, दार बंद करून, कानाला हेडफोन लावून. बाबा शाळेत जातात दहाला. बाकीचा हिशेब मी चुलीत फुंकर घालता घालता केला. चूल पेटता पेटेना, तेव्हा शेवंतामावशीच आत आल्या, मला हळूच बाजूला सारलं आणि फुंकणी घेतली. तांदूळ वैरायला, ढवळायला, पेज काढायला मग तीन बाया आणखी आल्या. आमच्या घरच्या जेवणाला आमच्याच पाहुण्या घाम गाळत होत्या आणि मी कोपऱ्यात उभी राहून सगळ्यांच्या पायात येत होते.

भात झाला. बाया पुन्हा ओळीने बसल्या, आणि या वेळी छपरीत जेवणाची लगबग आली. आता भातावर काय घालायचं? वरण नव्हतं, भाजी नव्हती. शेवंतामावशींनी उरलेल्या दलियाचा गंज ओढला आणि एक पळी भातावर घेतली. कालवून घास खाल्ला.

"भाजी चांगली झाली वो," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं कमी हाय. पण भातासंगं चालते."

दलिया भातावर घेऊन खाल्ला की माणूस नेहमीपेक्षा दीडपट भात खातो, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ओळीच्या टोकाला बाबाही बसले होते. त्यांनी तीनदा घेतला आणि तीनही वेळा माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी मीसुद्धा बसले. पंधरा दिवसांनंतर, आणि तो चिन्नोर. तपशील देत नाही.

हात धुऊन, पदराला पुसून शेवंतामावशी आईकडे वळल्या. "आता झालं जेवण. येतो उद्या. दुपारवरी दोन्ही बांध्या काढून देतो अन् मंग आसगावले जातो. त्याचा कोंबडा काही पऊन नाई जात."

आईने सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडणार होते.

"पण एक बाई कमी हाय," मावशी म्हणाल्या. "कांताले पोराच्या शाळेत जा लागते. तुई पोरगी पाठव."

"तिले रोवणं नाई येत, बाई."

"सयपाक तरी कुठं येते? केला नं?"

"मग उद्याचा स्वयंपाक?" मी पुटपुटले.

"आमी डबे आणतो," बाराही जणी म्हणाल्या. तीन दिवसांत त्या पहिल्यांदाच एका सुरात बोलल्या.

दुसऱ्या दिवशी मी गुडघाभर चिखलात उभी होते. बाया वाकून मागे सरकत आणि त्यांच्या हातातून रोपं सुटायची ती जणू मुळापासून तिथेच उगवलेली असावीत अशी. माझ्या वाटेला बांधाकडेचा पट्टा आला. मी प्रत्येक रोप मन लावून, त्याला इजा होऊ नये म्हणून अगदी अलगद ठेवलं. शेवंतामावशी दोनदा ओरडल्या, "दाब वो, दाब." मला वाटलं, पाय दाबून उभी राहा म्हणतात. (माझं संतुलन तसंही बरं नव्हतं.) दुपारी दोन्ही बांध्या भरल्या आणि टोळी ट्रॅक्टरवर बसून कोंबड्याच्या दिशेने निघून गेली.

त्या संध्याकाळी आम्हा तिघांचा करार झाला. बाबांनी दुपारी एक वाटी भात खायचा, सगळ्यांच्या देखत, आणि पेटीत फक्त रजया ठेवायच्या. चोरून खाल्लेला भात कोणत्याही वाटीत मावत नाही, हे मला उशिरा का होईना कळलं होतं.

करार झाल्यावर बाबा मला शेत दाखवायला घेऊन गेले. दोन्ही बांध्या हिरव्यागार उभ्या होत्या. फक्त बांधाकडेच्या पट्ट्यात नुसतं स्वच्छ पाणी होतं, आणि मी अलगद ठेवलेली सगळी रोपं वाऱ्याने कोपऱ्यात गोळा होऊन निवांत तरंगत होती. बाबांनी वाकून त्यातलं एक रोप उचललं आणि अंगठ्याने चिखलात दाबून लावलं.

पंधरा दिवस झटून मला ताटातला एक घास भात कमी करता आला नव्हता. शेतातला मी अर्ध्या दिवसात करून दाखवला.