डाकूभाऊ आणि खेकड्याचा पाइप

डाकूभाऊ गाडीचा आवाज तळहाताने ऐकत. मिस्त्रीने इंजिन सुरू केलं की ते सीटवर उजवा पंजा पसरून ठेवत, डोळे मिटत आणि अंगात यायच्या आधी भगताची मान हलते तशी मान हलवत. मग पंजा उचलून म्हणत, "नाई. यात जीव नाई." आम्ही बाकीचे कानांवर हात दाबून उभे असायचो. पाइप असा ओरडायचा की राइस मिलच्या पत्र्यावरची कबुतरं एकदम उठायची. आणि भाऊ म्हणत, जीव नाही!

वडशाच्या एका नाटक कंपनीत मी तेव्हा प्रॉम्प्टर होतो. धान निघालं की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. कापणी झालेल्या शेताच्या रिकाम्या बांधीत स्टेज उभं राहतं, माणसं समोर तणसावर, म्हणजे धानाच्या पेंढ्यावर, बसतात आणि रात्रभर उठत नाहीत. प्रॉम्प्टरला सगळे मास्तर म्हणतात, मग त्याचं वय काही असो. डाकूभाऊ आमचे खलनायक. खरं नाव पोस्टरवर बारीक अक्षरात असे, पण बाजारात पोरं "डाकूभाऊ" म्हणूनच हाक मारायची. भाऊ वळून बघत नसत. लोक म्हणायचे, माणसाला गर्व झाला.

आता सांगूनच टाकतो. भाऊंना ऐकू येत नव्हतं. आधी एक कान गेला, मग दुसरा. हे त्यांच्या घरच्या बाईंना आणि चंद्रपूरच्या एका डॉक्टरला ठाऊक होतं. आम्हाला ते "दातासाठी चंद्रपूरले जाऊन राह्यलो" म्हणून सांगत. कंपनीला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी पोस्टरवर दुसरं नाव लागलं असतं, आणि नाटक सोडून भाऊंना दुसरं काही येत नव्हतं. तरुणपणी ते हिरो होते, गात. एका हंगामात अचानक गाणं सोडून खलनायक झाले. मी कारण विचारलं तर हसून म्हणाले, "हिरोले गावं लागते मास्तर. खलनायकाले नुसते डोळे लागते."

ते डोळे सगळी रात्र माझ्यावर असायचे. बाकीचे नट पब्लिककडे बघून बोलत आणि अडले की कान माझ्याकडे करत. भाऊ बोलता बोलता विंगेत माझ्या तोंडाकडे बघत. नटमंडळी मला चिडवायची, "डाकू तुह्यावर फिदा हाय बे." मी तेव्हा पोरसवदा होतो, मला त्या नजरेची लाज वाटायची आणि रागही यायचा.

त्या हंगामात मालकाने खेकडा आणला. चार जाड चाकं, मधे घोड्यासारखी सीट, टू-स्ट्रोक इंजिन, किक मारून सुरू होणारं. नागपूरकडच्या कुठल्याशा बंद पडलेल्या सहलीच्या बागेतून स्वस्तात उचललेली शर्यतीची गाडी होती ती. एवढी फुगलेली चाकं पाहून गावात पहिल्याच दिवशी तिला खेकडा नाव पडलं. मालकाचं म्हणणं, डाकू घोड्यावरून येतो हे आता कोण बघणार? डाकू खेकड्यावरून येईल, पब्लिकच्या मधून.

गाडी आली पण तिचा मूळ धुराचा पाइप गंजून गेला होता. मग मिलच्या मागच्या बांधीत पाइप निवडायचा जो कार्यक्रम सुरू झाला, तो मला आजही नीट उलगडत नाही. एक पाइप मिस्त्रीने जुन्या फटफटीच्या सायलेन्सरपासून जोडला होता. आत काचेचा कापूस ठासलेला, आवाज म्हातारीच्या घोरण्याएवढा. दुसरी नुसती सरळ नळी. तिसरा मालकाने नागपूरच्या रेसवाल्या पोरांकडून आणला, अजगराने बकरी गिळावी तसा मधे फुगलेला. मिस्त्री म्हणाला, "टू-स्ट्रोकचा पाइप म्हंजे धुराची नळी नोहे. या पोटातून हवा उलटी फिरते, निसटलेलं पेट्रोल परत आत ढकलते. पोटाचं माप इंजिनाशी जमलं नाई तं गाडी खाली मरते आन वर बेफाम होते."

"मंग जमव," मालक म्हणाला.

"जमवतो. पण कोणता जमवू ते तं सांगा!"

तेच कोणी सांगेना. मालकाला आवाज हवा होता पण मागच्या रांगेपर्यंतच, गावच्या पाटलाच्या घरापर्यंत नको. आमची हिरॉईन, नागपूरच्या बाई, म्हणाल्या की म्हातारीच्या घोरण्याचाच लावा, मला संवाद म्हणायचे आहेत. मिस्त्रीला नळी आवडली, कारण ती स्वतः त्याने कापली होती. मला विचारलं तेव्हा मी प्रत्येकाला हो म्हणालो. आणि भाऊ रोज पंजा ठेवून, डोळे मिटून सगळेच नापास करत. शेवटी अजगरावर त्यांचा पंजा थांबला. मान हलली नाही. मग म्हणाले, "हा. पण रबर काढ."

पाइप जिथे सांगाड्याला कसतात तिथे धक्का बसू नये म्हणून रबराचे वायसर असतात. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, रबर काढलं तं गाडीचा सगळा थरकाप तुमच्या हाडात येईन."

"येऊ दे. मले हाडातच पायजे."

सगळे हसले. मीही हसलो.

अजगर लागला आणि नाटक चाललं. भाऊ पब्लिकच्या मधल्या वाटेने येत, स्टेजसमोर गाडी थांबवत, बंद करत नसत. स्टेजवरून बाई त्यांना शिव्या घालत, "तुझ्यासारख्या नराधमाला ही माती गिळेल!" त्यावर डाकूने बोलायचं नाही. तीनदा रेस द्यायची. गाडीच हसली असं वाटायचं. मग एक थंड वाक्य. लोक तणसावरून उठून शिट्ट्या मारायचे.

मात्र माझा धंदा बसला. त्या पाइपाच्या आवाजात विंगेतला प्रॉम्प्ट स्टेजवर पोचेना. बाई आत येऊन माझ्यावर उखडल्या, "मास्तर, तुहा आवाज येऊनच नाई राह्यला. मी का तोंड पाहू का तुहं?" मी भाऊंना जाऊन म्हणालो, पाइप बदलू या का? ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मास्तर, तो पाइप माहा प्रॉम्प्टर हाय." मला वाटलं, टोमणा मारला.

याच दिवसांत थंडीने माझा घसा बसला. आवाज म्हणून फुटेना. त्या रात्री मी नुसते ओठ हलवत होतो. एकेक नट अडखळला, बाईंनी दोन पानं गाळली. डाकूभाऊंचं एक अक्षर चुकलं नाही. नाटक संपल्यावर सगळे म्हणाले, भाऊंचं पाठांतर बघा! मला मात्र माहीत होतं की तिसऱ्या अंकात मी चुकून एक वाक्य पुढचं हलवलं होतं, आणि भाऊ तेच पुढचं वाक्य बोलले होते.

म्हणजे मला कळलं होतं का? इथेच माझा गोंधळ आहे. कळलं होतं असं म्हटलं तर पुढचं मी जे केलं त्याला माफी नाही. कळलं नव्हतं म्हटलं तर खोटं होतं. डोक्यात काहीतरी आलं होतं आणि मी ते विंगेतच बसवून ठेवलं होतं, एवढं म्हणता येईल.

कुरखेड्याच्या पुढे एका गावी मंडईच्या जत्रेचा प्रयोग होता. दुपारी भाऊ शाळेच्या वऱ्हांड्यात झोपले होते. मी मिस्त्रीला म्हणालो, आजचा दिवस अजगर काढ आणि कापसाचा सायलेन्सर लाव. रबर लावून. तो म्हणाला, भाऊले विचारलं का? मी हो म्हणालो.

बाईंना संवाद नीट म्हणता यावेत म्हणून मी हे केलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरंही आहे. पण भाऊंना खरंच ऐकू येत नाही का, हे मला बघायचं होतं, हेही त्यात होतं. किती होतं ते मला अजून मोजता आलेलं नाही.

भाऊंचा प्रवेश आला. कडेच्या माणसांनी ढकलून खेकडा वाटेच्या तोंडाशी नेला, मिस्त्रीने किक मारली, भाऊ वर बसले. आले, स्टेजसमोर थांबले. गाडी पायाखाली चालू होती, म्हातारीसारखी घोरत. बाई म्हणाल्या, "तुझ्यासारख्या नराधमाला ही माती गिळेल!" भाऊंनी पंजा टाकीवर ठेवला. मग सीटवर. मग खाली वाकून त्यांनी किक मारली.

चालू गाडीला किक. आतले दाते कर्रकन वाजले. पब्लिक हसलं. भाऊंनी पुन्हा किक मारली. "अबे चालू हाय गाडी!" कोणीतरी ओरडलं. "डाकू, चालू हाय ना बे!" बाईंनी वाक्य परत म्हटलं, परत म्हटलं. मी विंगेतून पुढे आलो, पार उजेडात, आणि ओठ हलवत राहिलो: चालू आहे, चालू आहे. पण भाऊ माझ्याकडे बघतच नव्हते. ते मान खाली घालून आपल्या मांड्या चाचपत होते आणि किक मारत होते. सारी बांधी हसत होती, आणि ज्याच्यावर हसत होती त्याला ते माहीत नव्हतं.

शेवटी मिस्त्रीने धावत जाऊन गाडी बंद केली. भाऊंनी वर पाहिलं, हजार तोंडं उघडलेली पाहिली. गाडीवरून उतरले आणि स्टेजकडे न येता ज्या वाटेने आले होते त्याच वाटेने अंधारात चालत गेले. मालक दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावी जाऊन आला. परत येऊन म्हणाला, "मी ठेवतो म्हटलं त्याले. ऐकू नाई येत तं नाई, म्हटलं, पब्लिक तं येते ना. पण तोच नाई म्हणते." का नाही म्हणतात, ते मालकालाही कळलं नाही. मलाही नाही. मी पुढचा हंगाम कंपनीत केला नाही. चंद्रपूरला एका दुकानात लागलो, तिथेच राहिलो. खेकडा भंगारात गेला असं ऐकलं.

भाऊंकडे जायला मला फार वर्षं लागली. त्यांच्या घरच्या बाई दारातच म्हणाल्या, "तयावर हायेत. जा. तुमाले वयखतीन." तळ्याच्या पाळीवर भाऊ गळ टाकून बसले होते. केस पांढरे झाले होते. दोरीला बोरूची कांडी बांधलेली होती, आणि भाऊ त्या तरंगणाऱ्या कांडीवरून नजर हलवत नव्हते. त्यांच्याच गावचे लोक दोरी बोटाला गुंडाळून, गप्पा मारत मासे धरतात. मासा लागला की बोटाला कळतं. भाऊंनी दोरी दगडाला बांधली होती.

त्यांनी मला ओळखलं. "बस मास्तर," म्हणाले. मी शेजारी बसलो, तोंड पाण्याकडे केलं आणि सगळं बोललो. पाइप, रबर, मिस्त्रीला मारलेली थाप, मला काय बघायचं होतं ते. पाण्याकडे बघून बोलणं सोपं होतं. ज्याला ऐकू येत नाही त्याच्याजवळ बसून बोललो, म्हणजे सांगितल्यासारखंही झालं आणि न सांगितल्यासारखंही.

माझं बोलणं संपत आलं तेव्हा हनुवटीला ओलं बोट लागलं. भाऊंनी माझं तोंड आपल्याकडे वळवलं.

"इकडं पाहून बोल. पाण्याले कायले प्रॉम्प्टिंग करून राह्यला?"

मग मी परत बोललो. विंगेतून बोलायचो तसं, एकेक शब्द सुटा करून. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते, पूर्वीसारखेच. कापसाच्या सायलेन्सरपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"रबर होतं?"

"होतं."

"मंजे गाडीच मुकी होती?"

मी मान हलवली.

"मले वाटलं, माहे पाय गेले," ते म्हणाले. "कान गेले तं गेले. आता अंगालेबी समजत नाई, असं वाटलं. मंग कायच्या भरवशावर स्टेजवर उभा राहू? म्हणून तं नाई म्हटलं मालकाले. तवापासून मी बैलबंडीतबी खाली पाहूनच बसतो, चालून राह्यली का नाई म्हणून."

मला वाटलं, आता शिवी येईल. मला ती हवी होती. त्यांचा चेहरा हलत होता पण तो हसण्यासाठी का कशासाठी, मला कळेना. इतकी वर्षं त्यांनी माझं तोंड वाचलं, मला त्यांचं एकदाही वाचता आलं नाही.

भाऊंनी दोरी ओढून घेतली. बोरूची कांडी दातांनी तोडून खिशात टाकली. गळ पुन्हा पाण्यात फेकला, दोरी दगडाला न बांधता उजव्या हाताच्या बोटाला गुंडाळली आणि डोळे मिटले.

मला जा म्हणाले नाहीत, थांब म्हणाले नाहीत. त्यांनी डोळे मिटलेले असताना मी काहीही बोललो असतो तरी त्यांच्यापर्यंत पोचलं नसतं. मी दोरीकडे बघत बसलो. दोरी सैल होती. थोड्या वेळाने ती ताणली, आणि माझ्या तोंडून "भाऊ!" निघायच्या आत त्यांचं बोट हललं होतं.